लाखेचा हात

रेल्वे यायच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मिर्झापुरात माल भरून कलकत्त्याला निघालेल्या होड्या काशीत पंचगंगा घाटासमोरून पुढे जात. त्या मालात मराठी मुलखाचा वाटा लहान नव्हता. नागपूर-वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवर लादला जाई, पाचशे मैलांच्या आसपास वाट तुडवत मिर्झापुरात येई आणि तिथे गंगेत उतरे. कापसाशेजारी दुसराही एक माल असे: लाख. विंध्याच्या आणि छोटा नागपूरच्या जंगलांतून पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली, मिर्झापूरच्या भट्ट्यांवर वितळवून पातळ पापुद्र्यांत ओढलेली. तिला म्हणत चपडा. तो कलकत्त्याहून लंडनला जाई, स्पिरिटमध्ये विरघळे आणि महॉगनीच्या टेबलांवर चकाकी होऊन बसे. पुढे ती टेबले, त्यांच्या नकला आणि ती चकाकी चढवायची रीत, तिन्ही गोष्टी मुंबई बंदरात उतरल्या. तेव्हा पुण्या-मुंबईच्या एखाद्या जुन्या घरातल्या शिसवी टेबलावर जे तांबूस, खोल पॉलिश दिसते त्याला विलायती म्हणायचा प्रघात असला, तरी त्याचा कच्चा माल काशीच्या वरच्या अंगाचा आहे.

ही वाट एकदा ध्यानात आली की जुन्या टेबलाचे काय करावे, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही बदलते. पण त्याआधी घाटावर थोडे थांबायला हवे, कारण दुरुस्ती म्हणजे किती ठेवायचे आणि किती काढायचे, याचे एक ठसठशीत उदाहरण तिथे उभे होते.

गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्यांचा संगम इथे मानतात, म्हणून पंचगंगा. त्यांतली डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. घाटाच्या माथ्यावर बिंदुमाधवाचे भव्य देऊळ होते. फ्रेंच जवाहिरा तावेर्निए याने १६६५ साली ते पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढच्या काही वर्षांत औरंगजेबाच्या हुकमाने ते पडले आणि त्या जागी आलमगिरी मशीद उभी राहिली. तिच्या उंच मिनारांना काशीची माणसे मात्र ‘माधोराय का धरहरा’ म्हणत राहिली. आजचे बिंदुमाधवाचे देऊळ शेजारीच आहे, बाहेरून वाड्यासारखे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवले. घाटावरचा दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला आहे. वरच्या गल्ल्यांत आणि शेजारच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाटावर मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या गागाभट्टांचे नाव महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक असते. पैठणच्याच नाथांनी आपले भागवत काशीत शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला पुरे केले, हेही वारकऱ्यांना सांगावे लागत नाही.

तर ते मिनार. जेम्स प्रिन्सेप १८२० साली टांकसाळीचा पारखी म्हणून काशीला आला आणि दहा वर्षे राहिला. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, ते नंतरचे. काशीत त्याने शहराचा नकाशा केला, सांडपाण्याचा बोगदा खणवला, कर्मनाशा नदीवर पूल बांधला आणि मोडकळीला आलेले हे मिनार दुरुस्त केले. ते पाडून नवे बांधा, असे त्याला कोणी म्हटले असते तर ते बहुधा सोपे पडले असते. त्याने होते तेच सावरले आणि त्यानंतर शंभरावर वर्षे नदीतून येणाऱ्याला काशी आधी त्या दोन मिनारांवरून ओळखू येई. १९४८ साली त्यांतला एक कोसळला. दुसरा पुढे धोका नको म्हणून उतरवण्यात आला. प्रिन्सेपचे काम कायमचे नव्हते, आणि ते तसे असावे अशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. शंभर वर्षे ही दुरुस्तीच्या मानाने चांगली मुदत आहे.

टेबल ही वस्तू मराठी घरात उशिरा आली. वाड्यात पाट होते, चौरंग होते, कारकुनाच्या मांडीपुढे उतरत्या फळीचे डेस्क होते. उभ्या पायांचे टेबल आले ते कचेरीतून, कोर्टातून, शाळेतून. आणि घरात आले तरी बराच काळ त्यावर जेवायला कोणी बसत नसे. त्यावर दिवा, दौत, वर्तमानपत्र आणि वकिलाचे कागद असत. मुंबईत शिसवीचे कोरीव, काळे फर्निचर एकोणिसाव्या शतकात भरभराटीला आले. जॉर्ज बर्डवूडने १८८० साली हिंदुस्थानच्या कलाकुसरीवर जो ग्रंथ लिहिला त्यात त्याची दखल आहे, आणि त्याचे घाट डच वळणाचे असल्याचेही त्यानेच नोंदले. या धंद्यातले एक नाव गमतीचे आहे. १८७९ साली थिऑसॉफीचे प्रवर्तक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर एडवर्ड विंब्रिज नावाचा एक कलावंत होता. त्याचे त्या दोघांशी बिनसले, आणि त्याने मुंबईत फर्निचरचा कारखाना काढला. थिऑसॉफीची भारतीय शाखा पुढे काशीत कमच्छ्याला जाऊन स्थिरावली. विंब्रिज लाकडाजवळ राहिला. आत्म्यापेक्षा सागवान बरे, असा हिशेब त्याने केला असावा.

या सगळ्या टेबलांवर जे पॉलिश चढले ते मुख्यतः लाखेचे. इंग्रजी अमदानीत त्याला फ्रेंच पॉलिश म्हणू लागले आणि सुतारांच्या तोंडी आजही तेच नाव आहे. फ्रेंच म्हणायचे कारण एवढेच, की बोळ्याने थर चढवायची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सकडून इंग्लंडात पसरली. लाखेत फ्रेंच काहीच नाही.

लाख एक किडा करतो. पळस, बोर किंवा कुसुमाच्या कोवळ्या फांदीला सोंड लावून हजारोंनी चिकटलेले हे जीव झाडाचा रस पितात आणि अंगाभोवती राळेचे कवच तयार करतात. फांदी कापायची, कवच खरवडायचे, कुटून पाण्यात मळून धुवायचे. धुताना लाल रंग निघून जातो. एके काळी त्या रंगालाच जास्त भाव होता, कृत्रिम रंग आल्यावर तो गटारात जाऊ लागला. उरतो तो दाणा. महाराष्ट्रात गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या पळसबनांत हा उद्योग जुना आहे, पण चपड्याची पेठ म्हणून नाव झाले ते मिर्झापूरचे.

दाण्याचा चपडा व्हायचा तो प्रकार पाहण्यासारखा होता, आणि जिथे यंत्रे आली नाहीत तिथे बराच काळ टिकला. कापडाची नळीसारखी लांब पिशवी, कधी दहा मीटरची, दाण्याने भरलेली. तिचे एक टोक निखाऱ्यांच्या भट्टीपुढे बसलेल्या कारागिराच्या हातात, दुसरे लांबवर बसलेल्या पोराच्या हातात. पोरगा पिशवी पिळत राहतो, भट्टीजवळच्या टोकाला लाख वितळून कापडातून पाझरते, कारागीर ती खरवडून कोमट पाणी भरलेल्या चिनी मातीच्या नळकांड्यावर टाकतो आणि ताडाच्या पात्याने सारखी करतो. मग पुढे येतो भिलवाया. तो तो गरम पापुद्रा उचलतो आणि आगीपुढे उभा राहून ताणतो: वरच्या कडा दोन्ही हातांत, खालच्या पायाच्या बोटांत, आणि मधली एक कड दातांत. पुरणपोळीची पारी ताणावी तसा तो पापुद्रा माणसाच्या अंगभर पसरतो, त्यातून पलीकडचे दिसू लागते, आणि गार होताच कडकडीत होतो. फोडला की चपडा. लंडनच्या टेबलावरची नाजूक चकाकी मिर्झापुरात कोणाच्या तरी दातांतून गेलेली असे, हे लंडनला कोणी सांगितले नसावे.

भेसळही जुनीच. राळ मिसळली की लाख स्वस्त पडते आणि पॉलिश लवकर ठिसूळ होते. रंग पिवळाजर्द दिसावा म्हणून हरताळ घालत, म्हणजे चक्क सोमलाचे संयुग. म्हणून फार जुन्या पॉलिशची पूड उडवत बसू नये, हे शहाणपण नुसते लाकडाच्या काळजीपोटी नाही.

जगाला लाखेचे वेड लागले ते पुढे गाण्यामुळे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ज्या तबकड्यांवर बालगंधर्वांचा आवाज घराघरांत गेला, त्या तबकड्या दगडाची पूड, काजळी आणि लाख यांच्या मिश्रणाच्या होत. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडचा पुरवठा धोक्यात आला तेव्हा १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध आले आणि लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्या पुन्हा वितळवल्या गेल्या. हे करता आले, कारण वितळवली किंवा विरघळवली तरी लाख लाखच राहते. रांचीजवळ नामकूमला १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली ती याच बाजारपेठेच्या जोरावर. नाव दोनदा बदलून ती आजही चालू आहे. तबकड्या प्लास्टिकच्या झाल्या, लाख मात्र औषधाच्या गोळ्यांवर, चॉकलेटवर आणि सफरचंदांच्या सालीवर राहिली. टेबलावरचे जे पॉलिश बघून आपण हळहळतो, तेच अधूनमधून आपल्या पोटातही जाते.

विरघळण्याचा हा गुण टेबलाच्या प्रश्नाचे मर्म आहे.

वाड्याच्या वाटण्या होतात, बिल्डर येतो, आणि कोणाच्या तरी वाट्याला आजोबांचे टेबल येते. वरची फळी काळवंडलेली, मध्ये पांढरी कडी, एका कोपऱ्यात पॉलिश चिरफळलेले, पायांशी ओल चढलेली. नव्या घरात ते शोभावे म्हणून मिस्त्रीला बोलावतात. मिस्त्री बघतो आणि सांगतो, सगळे काढून टाकू, घासून पांढरे करू, मग पॉलिश मारू. तो लबाडीने बोलत नसतो. त्याचा हात नव्या लाकडावर बसलेला असतो. यंत्राने एका दुपारी शंभर वर्षांचा रंग भुशात जातो. सागवान आणि शिसव हवेने, उजेडाने, हाताच्या तेलाने जो गडदपणा धरतात तो वरच्या पातळ थरात असतो आणि पॉलिशच्या डबीत मिळत नाही. फळीवर विनियर चिकटवलेले असेल तर प्रकरण आणखी वाईट: ते मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ, आणि घासणाऱ्याला कळेपर्यंत खालचे हलके लाकूड डोकावू लागते. मग त्यावर पॉलियुरेथेन, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत पीयू. त्याचा थर कडक असतो, पाण्याला दाद देत नाही, चहाच्या कपाला दाद देत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीलाही देत नाही. तो एकदा वाळला की स्पिरिटला हलत नाही. काढायचा तर पुन्हा घासणेच.

म्हणून जुन्या टेबलाजवळ जाणारा जाणता पॉलिशवाला आधी कापसाचा बोळा आणि स्पिरिट काढतो. फळीच्या खालच्या बाजूला किंवा मागच्या पायावर, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे, एक थेंब लावून थोडा वेळ थांबतो. जागा चिकट झाली, बोळ्याला तांबूस रंग आला, तर लाख. स्पिरिटला काही झाले नाही, पण थिनरला ती नरमली, तर विसाव्या शतकातले नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना हलले नाही, तर कोणीतरी आधीच पीयू किंवा मेलामाइन फासले आहे आणि मग इलाज वेगळा. एवढी परीक्षा दोन मिनिटांत होते. ती न करता घासकागद हातात घेणाऱ्याला फळी देऊ नये, असे सरळ म्हणायला हरकत नाही.

लाख निघाली तर निम्मे काम धुण्याचे असते. वर बसलेला काळा थर पुष्कळदा पॉलिशचा नसतोच. तो वर्षानुवर्षांचा मेण, धूर, तेलकट हात आणि उदबत्तीचा. ओलसर फडक्याने धूळ, मग टर्पेंटाइनने मेण आणि तेल. टर्पेंटाइन लाखेला धक्का लावत नाही. फडके काळे होत जाते आणि खालून रंग वर येतो. पुष्कळ टेबलांना एवढेच पुरते, आणि हे ऐकून घरच्या लोकांना किंचित वाईट वाटते, कारण खर्च करायची तयारी झालेली असते.

पांढऱ्या कडीला लोक घाबरतात, तीही उगाच. गरम कपाने लाख नरमते. सत्तर-पंच्याहत्तर अंशांच्या आसपास ती ढिली पडू लागते. त्यात वाफेचे पाणी शिरते आणि थर धुरकट होतो. डाग पॉलिशमध्ये आहे, लाकडात नाही. स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा हलक्या हाताने, न थांबता त्यावरून फिरवला की पाणी निघून जाते आणि कडी विरते. थांबलात तर मात्र बोळाच चिकटून बसेल. काळी कडी ही वेगळी जात. ती लोखंडाची: ओली फुलदाणी, गंजलेला खिळा, शाईची दौत. लाकडातल्या टॅनिनशी लोहाचा संयोग होऊन ती आत उतरते. तिला ऑक्झॅलिक ॲसिडचे पातळ द्रावण लावतात. ते विषारी आहे, हातमोजे लागतात, नंतर पाण्याने नीट पुसावे लागते, आणि तेवढ्या जागेचे पॉलिश पुन्हा करावे लागते. दौतीचा डाग आजोबांच्या वकिलीचा असेल तर तो ठेवूनही चालतो. हा निर्णय पॉलिशवाल्याचा नाही, घराचा आहे.

चिरफळलेल्या पॉलिशवर लाखेचा गुण सर्वांत स्पष्ट दिसतो. पातळ स्पिरिट मऊ ब्रशने किंवा बोळ्याने चढवले की जुना थर पुन्हा ओला होतो, भेगांच्या कडा एकमेकींत मिसळतात, आणि जी लाख कधी काळी मिर्झापुराहून निघाली होती तीच पुन्हा सपाट होऊन वाळते. वर नव्या लाखेचे एक-दोन हात दिले की जुने आणि नवे वेगळे ओळखू येत नाही, कारण नव्या हातातले स्पिरिट खालच्या थराला आपल्यात ओढून घेते. मेलामाइनचा नवा थर जुन्यावर नुसता बसतो. लाखेचा थर जुन्यात मुरतो.

हात देण्याची क्रिया हळू असते आणि बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटते. लिटरभर स्पिरिटमध्ये दीड-दोनशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळलेला. कापसाचा गोळा, त्यावर धुवून मऊ झालेल्या मलमलीचे फडके, मुठीत बसेल असा बोळा. फडक्याला खाली एकही सुरकुती नको, कारण सुरकुतीची रेघ फळीवर उमटते. पहिल्या फेऱ्यांत बारीक प्यूमिसची पूड, लाकडाची रंध्रे भरायला. मग बोळा उतरतो तो विमान उतरावे तसा तिरका, चालू गतीने, आणि उठतोही तसाच. मधेच उचलला तर खूण राहते. आधी गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्याचे फेरे, मग लाकडाच्या रेषांबरोबर सरळ. बोळा अडखळू लागला की जवसाच्या तेलाचा एक थेंब. तेल केवळ सरकण्यापुरते. शेवटी ते जवळजवळ कोऱ्या स्पिरिटच्या हाताने ओढून घ्यायचे असते, नाहीतर महिन्याभराने फळी घामेजते. एका दिवसात फार थर दिले तर खालचा वाळत नाही, म्हणून काम आठवडा-दोन आठवडे चालते, आणि त्या काळात घरातल्या कोणीतरी टेबलावर वर्तमानपत्र ठेवतेच. ठळक मथळा उलट्या अक्षरांत फळीवर उतरला की पुन्हा स्पिरिट.

चपड्याचे द्रावणही शिळे होते. सहा महिने-वर्ष झाले की त्यातली आम्ले स्पिरिटशी जोडली जातात आणि थर चिकटच राहतो. दुकानातला तयार डबा कधीचा, हे बघायला कोणी सांगत नाही, आणि मग दोष हवामानाला दिला जातो. हवामानाचा दोष खराही असतो, पण त्याविषयी पुढे.

घरगुती औषधांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जवसाचे तेल, व्हिनेगर आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण. लावल्या लावल्या टेबल तजेलदार दिसते, म्हणूनच ते इतके टिकले. जवसाचे तेल मात्र हवेत वाळून घट्ट होते, काळे पडते, धूळ धरते आणि वर्षे गेली की काढणे जिकिरीचे होते. संग्रहालयांनी ते केव्हाच सोडले. त्या तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकली तर आपसूक तापून पेट घेतात, ही गोष्ट सुतारशाळेत पहिल्या आठवड्यात सांगायला हवी. फडके पसरून उघड्यावर वाळवावे.

हे सगळे ज्याच्या जिवावर चालते ती लाख काशीत टेबलावर कमी आणि खेळण्यांवर जास्त दिसते. खोजवाँ आणि काश्मीरीगंज भागात खरादेवर लाकूड फिरवतात आणि फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. स्पिरिट नाही, ब्रश नाही. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग वाळलेल्या केवड्याच्या पात्याने दाबून घोटले की चमक येते. सिंदुराच्या डब्या, भोवरे, बाहुल्या, पाळण्याचे खुळखुळे असे सगळे यातून निघते, आणि काशीच्या या कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ही रीत किती जुनी, याचा एक भक्कम पुरावा गोव्यातून येतो. १५८० च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेल्या यान हाउखेन फान लिन्सखोटेन या डच माणसाने आपले प्रवासवर्णन १५९६ साली छापले. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, उष्णतेने ती पसरायची आणि शेवटी वाळक्या पात्याने घोटायचे, हे त्याने तपशिलात लिहिले आहे. आज काश्मीरीगंजच्या कारागिराला ते वाचून दाखवले तर त्यात तो फारशी दुरुस्ती सुचवणार नाही.

मराठी मुलखात याचे सख्खे भावंड सावंतवाडीला आहे. चितार आळीतली लाकडी फळे, पाट आणि पाळणे, आणि राजवाड्यात सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभे केलेले गंजिफाचे काम. तिथल्या रंगवलेल्या पाटावर लाखेचा हात असतो, आणि रोज जेवायला घेतलेला पाट पाणी लागून पांढुरका झाला तर कोकणातल्या बाईला त्याचे कारण पॉलिशवाल्याने सांगायची गरज नसते.

टेबलांची गोष्ट मात्र विसाव्या शतकात फिरली. गोदरेजचे पोलादी कपाट १९२३ साली आले, लोखंडी टेबले कचेऱ्यांत शिरली, मग फॉर्मायका, मग सनमायका. लाखेचे काम जाणणारे हात कमी झाले, आणि जे उरले ते मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या आसपास, किंवा संग्रहालयांच्या दुरुस्ती विभागांत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र, लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा अशा ठिकाणी एक नियम काटेकोर पाळतात: आज जे लावाल ते उद्या दुसऱ्याला काढता आले पाहिजे. हा नियम जगभर मानला जातो, आणि लाख त्यात आपोआप बसते. मिर्झापूरच्या भट्टीवाल्यांनी काही हा नियम वाचून लाख ओढली नव्हती.

अगदी बड्या टेबलांनाही यातून सुटका नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांचे रेझोल्यूट डेस्क १८८० साली राणी व्हिक्टोरियाने भेट दिले. आर्क्टिकमध्ये अडकून सुटलेल्या रेझोल्यूट जहाजाच्या ओक लाकडाचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते काही काळ ओव्हल ऑफिसमधून हलवले गेले, आणि कारण सांगण्यात आले ते हलक्या हाताने पॉलिश करण्याचे. या घोषणेतला ‘हलक्या हाताने’ हा शब्द महत्त्वाचा, आणि मिस्त्रीला काम सांगताना तो उसना घ्यायला हरकत नाही.

कोरोनाच्या वर्षांत लाखेच्या पॉलिशवर एक नवे संकट आले. हातावर मारायचे सॅनिटायझर म्हणजे सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. ज्या घरांत ते जुन्या टेबलावर ठेवले गेले, तिथे बाटलीखाली गोल चिकट डाग पडला. टेबल निर्जंतुक करायला ते थेट फवारले गेले तिथे फळीच उघडी पडली. संवर्धन संस्थांनी त्या काळात जुन्या पृष्ठांवर असे फवारे मारू नका म्हणून इशारे काढले. अत्तराची बाटली आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांचा गुन्हा याच प्रकारचा, फक्त जुना. डाग दिसला तर फडक्याने घासू नये. तसाच वाळू द्यावा आणि मग पॉलिशवाल्याला दाखवावा. तो बोळा फिरवून बहुतेक वेळा सावरून घेतो.

आणि हवामान. स्पिरिट उडून जाताना फळी गार पडते आणि दमट हवेतले पाणी तिच्यावर धरते. थर दुधाळ होतो. काशीत गंगा घाटांच्या पायऱ्या गिळत वर येते त्या श्रावण-भाद्रपदात, किंवा कोकणात आषाढात, जाणता पॉलिशवाला बाटली उघडत नाही. आश्विन उजाडला, हवा कोरडी झाली की त्याचा हंगाम सुरू होतो, आणि नेमका तेव्हाच प्रत्येक घराला दिवाळीच्या आत टेबल चकचकीत हवे असते. हात देऊन वाळवायला दोन आठवडे, त्यात चार घरची कामे. वसुबारसेला बोलावलेला पॉलिशवाला भाऊबीजेपर्यंत येत नाही, आणि घाईने आलाच तर एका दिवसात चार हात देऊन मोकळा होतो. ज्यांचे टेबल शंभर वर्षे थांबले आहे त्यांनी त्याला दसऱ्याच्या आधी सांगावे, नाहीतर सरळ तुळशीच्या लग्नानंतरची तारीख घ्यावी, आणि फराळाची ताटे तोवर दुसरीकडे मांडावी.